चेन्नईला बदली घ्यावी का: पूर, उन्हाळा आणि तमिळ शेजार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चाकणच्या कारखान्यातून चेन्नईजवळच्या ओरगडमला बढतीवर बदली मिळते आहे. पत्नी आयटीत आहे, तिचं ऑफिस ओएमआरवर, म्हणजे ओल्ड महाबलीपुरम रोडवर असेल. मुलगी तिसरीत जाईल, आई सोबत येणार आहेत. घरात दोन भीत्या आहेत: डिसेंबर आला की बातम्यांत दिसणारं पाण्याखालचं चेन्नई, आणि ‘तिथे हिंदी चालत नाही, आपलं निभणार कसं’.

पुणे, नाशिक, संभाजीनगरहून श्रीपेरुंबुदूर-ओरगडम पट्ट्यात येणाऱ्या कुटुंबांची घरं, शाळा, भाडेकरार लावून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे आणि मी राहतोही तिथेच. माझं मत आधी सांगतो: एक अट सांभाळता येत असेल तर जरूर जा. ती अट आईंच्या तब्येतीशी जोडलेली आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

तुम्ही पूर आणि संस्कृती असे दोन रकाने करून बेरीज-वजाबाकी मांडली आहे. प्रत्यक्षात ते इतके वेगळे नाहीत. कोणत्या गल्लीत पाणी भरतं, तलाव कधी सोडणार, दूध कुठे मिळेल, गाडी कुठे न्यायची, ही सगळी माहिती चेन्नईत शेजाऱ्यांकडे असते आणि ती बहुतेक वेळा तमिळमध्ये असते. शेजारात मिसळलेलं कुटुंब पावसाळा नीट काढतं. पाचशे फ्लॅटच्या संकुलात स्वतःचं छोटं पुणं करून राहिलेल्या कुटुंबाला मात्र पाणी लिफ्टपर्यंत आल्यावर कळतं.

आधी पावसाचं बोलू. आपला पाऊस जून ते सप्टेंबर. चेन्नईचा मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. वर्षाला साधारण १४०० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त या तीन महिन्यांत. बंगालच्या उपसागरात एखादा कमी दाबाचा पट्टा किंवा चक्रीवादळ किनाऱ्याजवळ रेंगाळलं की दोन दिवसांत महिन्याचा पाऊस कोसळतो. १ डिसेंबर २०१५च्या पावसात तांबरमला २४ तासांत ४९० मिमीची नोंद झाली. पुण्यात वर्षभरात जेवढा पडतो त्याच्या साधारण दोन-तृतीयांश पाऊस एका दिवसात. त्याच रात्री चेंबरमबाक्कम तलावातून २९,००० क्युसेकपर्यंत पाणी अड्यार नदीत सोडलं गेलं आणि विमानतळ काही दिवस बंद राहिला. पुढच्याच वर्षी, १२ डिसेंबर २०१६ला, वरदा चक्रीवादळ शहरावरून गेलं. त्यात पाण्यापेक्षा वाऱ्याने जास्त नुकसान केलं, हजारो झाडं पडली. डिसेंबर २०२३मध्ये मिचाँग वादळ तर चेन्नईला थेट धडकलंही नाही, आंध्रात बापटलाजवळ किनाऱ्यावर आलं. तरी जाता जाता त्याने वेळचेरी, पल्लिकरणै, पेरुंबाक्कम भागात कित्येक दिवस पाणी साचवलं.

हे वाचून घाबरायचं कारण नाही. खडकवासल्याचा विसर्ग वाढला की सिंहगड रोडच्या एकता नगरीत काय होतं, ते जुलै २०२४मध्ये तुम्ही पुण्यात पाहिलंच आहे. कोथरूडमध्ये राहणाऱ्याला त्या दिवशी शाळेच्या सुट्टीपलीकडे काही जाणवलं नाही. चेन्नईचंही तसंच आहे. शहर बुडतं म्हणतात तेव्हा ठरावीक भाग बुडतात, आणि ते जवळपास दर वेळी तेच असतात.

का तेच, हे समजून घेतलंत तर घर निवडणं सोपं जाईल. चेन्नई जवळजवळ सपाट आहे. पूर्वी इथे एकाला एक जोडलेल्या तळ्यांची साखळी होती. वरचं भरलं की सांडवा खालच्यात. शहर वाढलं ते याच तळ्यांवर. आजचं गजबजलेलं टी. नगर १९२०च्या दशकात लाँग टँक नावाच्या लांबलचक तळ्याच्या जागेवर वसवलं गेलं. दक्षिणेकडच्या कित्येक तळ्यांचं पाणी पल्लिकरणैच्या पाणथळीत उतरतं, तिथून ओक्कियम मडुवू नावाच्या अरुंद वाटेने बकिंगहॅम कालव्यात आणि पुढे कोवळमच्या खाडीत. पाणथळ बरीच आक्रसली, काठाने इमारती आल्या. २०२२मध्ये तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळाला खरा, पण पाण्याची वाट रुंद व्हायची ती होईल तेव्हा. भरती असेल तर समुद्र पाणी घेत नाही आणि ते मागे तुंबतं. ओएमआर हा रस्ता एका बाजूला ही पाणथळ आणि दुसऱ्या बाजूला बकिंगहॅम कालवा अशा चिंचोळ्या पट्टीवर आहे. पत्नीचं ऑफिस तिथे, म्हणून घरही तिथेच घ्यावं हा पहिला मोह होतो. मी तो टाळायला सांगतो.

ओरगडम आणि ओएमआर यांत चाळीसेक किलोमीटरचं अंतर पडतं, त्यामुळे कुणा एकाचा प्रवास लांबणारच. मधला पट्टा म्हणजे क्रोमपेट, तांबरम, पेरुंगळत्तूर, वंडलूर. वंडलूरहून वालाजाबाद रस्ता पडप्पैमार्गे थेट ओरगडमला जातो आणि दुसरीकडे केळंबाक्कम रस्ता ओएमआरला मिळतो. लोकल गाड्याही याच पट्ट्यातून धावतात. पण इथेही सरसकट विश्वास नको. तांबरमच्या पश्चिमेला मुडिच्चूर आणि वरदराजपुरम हे अड्यारच्या वरच्या अंगाचे भाग २०१५पासून वारंवार बुडाले आहेत, आणि तिथून दोन-तीन किलोमीटरवर कोरडी घरं आहेत. एजंट दोन्हींना ‘तांबरमजवळ’ म्हणेल. भाडं कमी आणि घर नवं असेल तर आधी नकाशावर नदी किती लांब आहे ते बघा.

घर बघायला नोव्हेंबरमध्ये या. कंपनी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये घर बघण्याच्या दौऱ्यावर पाठवते. तेव्हा हवा सुंदर असते, रस्ते कोरडे असतात आणि प्रत्येक घर आवडतं. फेब्रुवारीत बघणं टळत नसेल तर निदान या गोष्टी तपासा. कुंपणाच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीची फिकट रेघ आहे का. रस्त्यापेक्षा जोतं किती वर आहे, कारण रस्त्यावर थरावर थर चढत गेल्याने जुनी घरं खाली गेली आहेत. विजेचे मीटर कुठे आहेत. जिन्याखाली गुडघ्याएवढ्या उंचीवर असतील तर पहिल्या मजल्यावर राहूनही अंधारात बसाल. जनरेटर, पंप आणि लिफ्टचं पॅनल तळघरात असेल तर तुम्ही दहाव्या मजल्यावर असा की दुसऱ्या, उपयोग नाही. आणि संप, म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी, तिचं झाकण जमिनीलगत आहे की कठडा बांधून वर घेतलेलं आहे. पुराचं पाणी संपात शिरलं की त्यासोबत गटारही शिरतं. पूर ओसरल्यावर आजारपणं सुरू होतात ती यातून.

मग गल्लीच्या तोंडावरच्या इस्त्रीवाल्याकडे किंवा किराणा दुकानात जा आणि विचारा, ‘तण्णी एव्ळो वंदुच्चु?’ पाणी किती आलं होतं? २०१५ म्हणा, २०२३ म्हणा. तो हाताने कमरेपर्यंत, गुडघ्यापर्यंत किंवा ‘इंगे वरलै’, इथे आलंच नाही, असं दाखवेल. घरमालकाच्या आणि एजंटच्या उत्तरापेक्षा मी या उत्तराला जास्त किंमत देतो. त्याला तुम्हाला काही विकायचं नसतं.

पाण्याची दुसरी बाजू लोक विसरतात. ज्या शहरात पूर येतो तिथेच २०१९च्या उन्हाळ्यात पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरमबाक्कम हे चारही तलाव आटले होते आणि जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. मिरजेहून लातूरला २०१६मध्ये पाण्याची गाडी गेली होती, तोच प्रकार. ओएमआरवरच्या अनेक मोठ्या संकुलांना नळाचं पाणी पुरेसं नाही. टँकरवर चालतं, आणि देखभाल खर्चात त्याचा मोठा वाटा असतो. किनाऱ्याजवळ भूजल खारं आहे. म्हणून भाड्याच्या आकड्यासोबत मेट्रो वॉटरची, म्हणजे चेन्नईच्या पाणीपुरवठा मंडळाची जोडणी आहे का, मे महिन्यात टँकर किती लागतात आणि देखभाल शुल्क उन्हाळ्यात वाढतं का, हे लेखी विचारा. पावसाचं पाणी जिरवण्याची सोय तमिळनाडूत २००३पासून इमारतींना सक्तीची आहे. ती चालू स्थितीत आहे का ते बघितलं की सोसायटी किती जबाबदार आहे याचाही अंदाज येतो.

उन्हाळा मी पुराइतकाच गंभीर धरतो, विशेषतः आईंसाठी. मे महिन्यात अग्नी नक्षत्राचे दिवस असतात, पारा चाळिशी ओलांडतो. पुण्यातही ओलांडतो, पण पुण्याची रात्र गार होते. चेन्नईची होत नाही. दमटपणामुळे मध्यरात्रीही घाम सुटतो. किनाऱ्यालगत दुपारी समुद्राचा वारा येतो आणि जरा सुटका होते. जसजसं आत जाल तसतसा तो उशिरा आणि थकून पोहोचतो. सगळ्यात वरच्या मजल्याचं, पश्चिमेला भिंत असलेलं घर घेऊ नका. आईंच्या खोलीत एसी हवाच. बिलाची धास्ती नको. घरगुती ग्राहकांना दोन महिन्यांच्या बिलात १०० युनिट मोफत असतात, उरलेलं टप्प्याटप्प्याने चढतं.

आता माणसांकडे वळतो. ‘हिंदी चालत नाही’ हे अर्धवट खरं आहे. ओरगडमच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर उत्तरेकडून आलेले हजारो कामगार आहेत, बाजारात हिंदी कानावर पडते. पण १९३७ आणि १९६५च्या हिंदीविरोधी आंदोलनांचा वारसा असलेलं हे राज्य आहे, आणि शासकीय शाळांत आजही तमिळ-इंग्रजी असं द्विभाषा धोरण आहे. अनोळखी माणसाशी हिंदीत सुरुवात केली की ‘याने गृहीत धरलं’ असं समोरच्याला वाटतं. मराठी माणसाला ही भावना समजावून सांगायची गरज नसावी. मुंबईत मराठीची मागणी करताना आपण वेगळं काय बोलतो? इंग्रजीने सुरुवात करा आणि दोन शब्द तमिळ टाका. ‘कोंजम कोंजम तमिळ तेरियुम’, थोडं थोडं येतं, एवढं म्हटलं तरी समोरचा खुलतो. अण्णा, अक्का, अम्मा हे शब्द तर आपल्या घरातलेच आहेत. रिक्षावाल्याला अण्णा म्हणा, भाजीवालीला अक्का. लिपी दोन-तीन महिन्यांत येते आणि बसच्या पाट्या, दुकानं, महापालिकेचे फलक वाचता येतात. तुम्ही शिकाल न शिकाल, पत्नी आणि आईंनी शिकावं असं मी आग्रहाने सांगतो. दिवसा घरी किंवा घराजवळ असलेल्या माणसालाच शेजार मिळतो.

घरमालकांबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. मैलापूर, वेस्ट मांबलमसारख्या जुन्या वस्त्यांत ‘फक्त शाकाहारी’ ही अट उघडपणे घातली जाते. तुम्ही मासे-मटण खाणारे असाल तर लपवून घर घेऊ नका. वर्षभर खिडक्या लावून स्वयंपाक करत राहण्यात काही अर्थ नाही. अशी अट नसलेली घरं भरपूर आहेत. अनामत रकमेला तिथे ‘ॲडव्हान्स’ म्हणतात आणि पूर्वी दहा-दहा महिन्यांचं भाडं मागायची रीत होती. २०१७च्या भाडेकरू कायद्यात तीन महिन्यांचा दंडक आहे, पण वेगळा करार केला तर तो चालतो. म्हणून आकड्याची घासाघीस सही करण्याआधी करा आणि करार नोंदवून घ्या. आडी महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, आणि मार्गळीत, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, लोक नवं घर लावत नाहीत. काही मालक भाडेकरूलाही तेव्हा राहायला येऊ देत नाहीत. बदलीची तारीख ठरवताना हे कंपनीला सांगा, नाहीतर महिनाभर गेस्ट हाऊसमध्ये काढाल. भाड्याच्या घरातही पहिल्या दिवशी दूध उकळायची पद्धत आहे, आपण उतू घालतो तसंच. त्या दिवशी शेजारच्या चार घरांना बोलवा. नंतरच्या वर्षभरात त्या एका संध्याकाळचा किती उपयोग होतो ते मी अनेक घरांत पाहिलं आहे.

शाळेत २००६च्या राज्य कायद्याने तमिळ टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं आहे. मुलगी तिसरीत दाखल होईल तेव्हा वर्गातली मुलं दोन वर्षं पुढे असतील. नव्याने आलेल्या मुलांसाठी वेगळा तास आहे का, हे प्रवेशाआधी मुख्याध्यापकांना विचारा. मुलं यात पटकन पुढे जातात. जास्त काळजी मराठीची घ्या. परत आलात तर २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या शाळेतही मराठी लागेल, आणि तोवर तिचं वाचन तुटलेलं असेल. रोज पंधरा मिनिटं मराठी वाचनाची ठेवा, बस.

आईंना एकटं वाटेल का, असं तुम्ही विचारलंत. पहिले काही महिने वाटेल. पण तंजावरवर १६७०च्या दशकापासून १८५५पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं. तिथली मराठी बोलणारी घराणी आजही तमिळनाडूत आहेत, त्यांची मराठी ऐकून आई थक्क होतील. विटा-आटपाडी-खानापूरकडचे गलाईवाले पिढ्यानपिढ्या दक्षिणेत सोन्याचांदीच्या कामात आहेत. शिवाय मार्गळी महिना आहे. डिसेंबरच्या मध्यापासून पहाटे रस्त्यांवर भजनं निघतात, सभांमध्ये, म्हणजे तिथल्या संगीत संस्थांमध्ये, मैफली सुरू होतात, सकाळ-दुपारच्या कित्येक मैफली विनामूल्य असतात, आणि कर्नाटक संगीताच्या मैफलीत अखेरीस विठ्ठलाचा अभंग येणं आता नेहमीचं आहे. तमिळ गायकाच्या तोंडून तुकोबा ऐकताना सभागृहात डोळे पुसणारी तमिळ माणसं मी पाहिली आहेत. आईंना घेऊन जा. खाण्यापिण्याची काळजी करू नका, फक्त ज्वारीचं पीठ सोबत न्या.

पावसाच्या दिवसांची तयारी मात्र ठरलेली असावी. ऑक्टोबर लागला की हवामान खात्याच्या चेन्नई केंद्राचे इशारे रोज बघायची सवय लावा. ‘तमिळनाडू वेदरमन’ या नावाने लिहिणारे प्रदीप जॉन यांचं लिखाण तर अख्खं शहर वाचतं आणि ते इंग्रजीत असतं. तलावांची पातळी मेट्रो वॉटर रोज जाहीर करतं. चेंबरमबाक्कमची पूर्ण पातळी २४ फूट आहे; तिथवर काही फूट उरले असताना जोराचा पाऊस येणार असेल तर अड्यारकाठचे लोक सामान वर हलवायला लागतात. वेळचेरीत इशारा आला की लोक गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावतात. दरवर्षी त्याचे फोटो छापून येतात, पण ती अनुभवातून आलेली शहाणी सवय आहे. तुमच्या भागात गाड्या कुठे नेतात ते आधीच विचारून ठेवा. गाडीच्या विम्यात इंजिन संरक्षणाची जोड घ्या, आणि पाण्यात उभी राहिलेली गाडी कधीही सुरू करून बघू नका. पाणी इंजिनात ओढलं गेलं की साध्या पॉलिसीत तो दावा सहसा नाकारला जातो. भाड्याच्या घरातल्या सामानाचाही विमा निघतो, तो घ्या.

पाणी चढलं की वीजमंडळ स्वतःहून पुरवठा तोडतं, शॉक लागून माणसं दगावू नयेत म्हणून. तिथे सगळे त्याला ‘करंट गेला’ म्हणतात. तेव्हा त्याआधीच वरची टाकी भरून घ्या, पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन जादा ठेवा, रोकड ठेवा, कारण २०१५मध्ये एटीएम आणि मोबाइल दोन्ही बंद पडले होते. दूध पहिल्या दिवशी संपतं, दूध पावडर घरात असू द्या. आईंची औषधं तीन आठवड्यांची. चेन्नई महापालिकेचा मदत क्रमांक १९१३. आणि लक्षात ठेवा, २०१५मध्ये कित्येकांना बाहेर काढलं ते मच्छीमारांनी, आपल्या होड्या शहरात आणून.

आता ती अट. आईंना ऑक्सिजन यंत्र, डायलिसिस किंवा जिना चढता न येण्यासारखा त्रास असेल, तर पूर न येणाऱ्या भागातलं, पूर्ण बॅकअप असलेलं आणि पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावरचं घर हातात आल्याशिवाय त्यांना नेऊ नका. दोन-तीन दिवस वीज नाही, लिफ्ट नाही, रुग्णवाहिका गल्लीत येत नाही, अशी वेळ तिथे येते, आणि तेव्हा शेजाऱ्यांची माया कामी येते पण यंत्र चालत नाही. असं घर मिळेपर्यंत तुम्ही एकटे जा आणि पहिला ऑक्टोबर-डिसेंबर स्वतः काढा. कंपनीकडून हे मागायला संकोच करू नका. कुटुंब मागाहून आणण्याचा खर्च बदलीच्या धोरणात बसवून घेता येतो, फक्त तो बदलीपत्र स्वीकारण्याआधी लिहून घ्यावा लागतो.

आणि घर विकत घेणं, ज्याचा तुम्ही शेवटी उल्लेख केलात: एक संपूर्ण ईशान्य मोसमी पाऊस भाड्याने राहून बघितल्याशिवाय अजिबात नाही. तोवर अकरा महिन्यांचा करार करा आणि तो जानेवारीत संपेल असा बघा, म्हणजे घर बदलायचं ठरलंच तर पाऊस संपलेला असेल, मार्गळीही सरलेली असेल आणि कोणत्या गल्लीत जायचं ते तुम्हाला माहीत असेल.